ब्रसेल्सचं यंत्र

१

यंत्र चोरीला गेलं त्या सकाळी मी गोदामाच्या फाटकासमोर उकिडवी बसून चेऱ्या वेचून खात होते. आई यावरून अजूनही मला बोलते. पण शाळेची बस यायची होती, मी नाश्ता केला नव्हता, आणि आदल्या दुपारच्या वादळाने सोसायटीच्या मोठ्या झाडाखाली लालभडक सडा टाकला होता. फाटकापासून गोदामाच्या दारापर्यंतचा रस्ता चेऱ्यांखाली गेला होता. एकेक चेरी टपोरी, अख्खी. फांद्यांना मार्चमध्ये बांधलेले लाल-पांढरे दोरे तीन महिन्यांच्या उन्हापावसाने फिके गुलाबी झाले होते.

मग गोदामाच्या मागच्या बाजूने स्पासकाकाचा आवाज आला.

"लुटलं. गावाला लुटलं."

स्पास ग्युरोव म्हणजे आमच्या चेरेशोव रीदच्या फळ सोसायटीचा अध्यक्ष आणि सरपंचाचा मेहुणा. मागच्या लहान दाराने मी आत पळाले. गोदामाचा पुढचा अर्धा भाग सभेचा, तिथे आई दर सोमवारी झाडू मारते. मागच्या खोलीला कायम कुलूप. आज ते कुलूप कडीला लटकत होतं, न तोडलेलं, आणि दार सताड उघडं होतं. चेरीतून बी काढून गर गोठवणारं इटालियन यंत्र जिथे असायला हवं तिथे नुसती फरशी.

गावात त्याला सगळे ब्रसेल्सचं यंत्र म्हणायचे, कारण त्याचे चार लाख लेव्ह युरोपच्या अनुदानातून आले होते.

नेमकी त्याच दिवशी तपासणी होती. राजधानी सोफियाहून तेमेनुगा पाशोवा नावाच्या बाई यायच्या होत्या, यंत्र चालताना बघायला. त्या आल्याही. करड्या गाडीतून उतरल्या, रिकाम्या खोलीकडे पाहिलं, सिगारेट पेटवली.

"चाव्या किती?" त्यांनी विचारलं.

"तीन," स्पासकाका म्हणाला. "काल संध्याकाळी मीच यंत्र बघून कुलूप लावलं होतं. एक चावी माझी, ती माझ्या खिशात. एक राखणदार मांचोची, ती त्याच्या गळ्यात. आणि एक..." तो थांबला. आई बादली घेऊन दारात उभी होती. "मला सांगायला वाईट वाटतं, बाई. तिसरी वेस्काकडे आहे."

आईने एप्रनच्या खिशात हात घातला आणि चावी बाहेर काढली. सगळ्यांनी चावीकडे पाहिलं, आईकडे कुणीच नाही.

२

पोलिसांनी आईला जबाबासाठी शहरात नेलं आणि संध्याकाळी परत पाठवलं. शुक्रवारी गुन्हा नोंदवायचा ठरलं होतं. तोवर गाव सोडायचं नाही.

मला वाटलं होतं, गाव आमच्या बाजूने उभं राहील. आईने या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची अंथरुणं बदललीत. दुसऱ्या दिवशी मी दोनामावशीच्या दुकानात पाव आणायला गेले, तेव्हा बाहेरच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेल्या बायका माझ्याकडे वळल्या.

"आली वेस्काची पोर," नेदा म्हणाली. ती बालवाडीत स्वयंपाक करते आणि तोंडाने कुणालाच सोडत नाही. "यंत्र पिशवीत मावलं का गं, का दोन फेऱ्या माराव्या लागल्या?"

"आईने काही केलेलं नाही, नेदाकाकू."

"मग कबूल करून टाकायला काय जातं? पहिलाच गुन्हा आहे. कुणी कोंडणार नाही तिला."

"न केलेलं कबूल करायचं?"

"अगं, ऐक तर." नेदाने टरफलं थुंकली. "त्या सोफियावालीने काय सांगितलं माहितीये? यंत्र चोरीला गेलं असेल तर सोसायटीचा दोष नाही. पैसे परत द्यायचे नाहीत. पण चोर सापडला नाही, नि काही काळंबेरं निघालं, तर चार लाख परत. व्याजासकट. आणि जामीन कोण आहे? आपली नगरपालिका. तू भरणार आहेस?"

म्हणजे गावाला चोर हवाच होता. आई आयती मिळाली होती.

"ते पैसे असे कुणाचे होते?" बाकावरचा एक म्हातारा म्हणाला. "ब्रसेल्सचे. तिथे कुणाला पत्ताही नसतो. एका बाईने दोन दिवस मान खाली घातली की सगळं मिटतं."

मी त्याला म्हणाले, "मग तुमच्या बायकोला घालायला सांगा." आणि आत गेले. मागे बरंच काही बोललं गेलं. या वसंतात मी जिल्ह्याच्या वादस्पर्धेत पहिली आले होते आणि तेव्हापासून मला एक कळलं होतं, की माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. तो मी उगाच जपून ठेवणार नव्हते.

दोनामावशीने पाव कागदात गुंडाळला. ती गावात एकटीच अशी, की जिची कुणाशी ना मैत्री ना भांडण. लग्न होऊन रोदोपा डोंगरातून इथे आली, त्याला चाळीस वर्षं झाली, तरी लोक तिला परकीच समजतात.

"एक विचारू का, राली?" ती हळू आवाजात म्हणाली. "स्पासने या यंत्रापायी कुणाचं तोंड गोड केलं होतं का?"

"म्हणजे?"

"गेल्या वर्षी त्याने गाडीला नवी चाकं घातली, तर सगळ्या गावाला राकिया पाजली. टीव्ही आणला तर चॉकलेटचा डबा फिरवला. नवीन वस्तू घेतली नि लोकांना काही दिलं नाही, असा माणूस आपल्याकडे असतो का? आणि हा तर स्पास. चार लाखांचं यंत्र आलं, आणि माझ्या दुकानातून एक गोळीसुद्धा गेली नाही."

पाव हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. आपल्या मालकीची नसलेली वस्तू असेल, तर माणूस कशाला तोंड गोड करेल?

३

घरी आई मिरच्या भाजत होती, गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

"तुझ्याकडे मागच्या खोलीची चावी आली कधी?" मी विचारलं.

"गेल्या आठवड्यात. स्पासने दिली. तपासणीआधी खोली झाड म्हणाला. संध्याकाळी परत आला, म्हणाला, आत्ता नको, कंपनीचा माणूस येऊन जाऊ दे, मग सांगतो."

"म्हणजे तू आत गेलीच नाहीस?"

"उद्घाटनानंतर कधीच नाही. हमी रद्द होते म्हणायचा, धुळीने." आईने मिरची उलटली. "राली, तू यात पडू नकोस. तुला अजून दोन वर्षं शाळा आहे."

"आणि तुला चोर म्हणून नाव पडलं तर?"

"माझं नाव घेऊन कोण कुठे जाणार आहे?" ती म्हणाली. पण भाजून झालेली मिरचीच तिने पुन्हा विस्तवावर टाकली. चोरीचा शिक्का बसला की नगरपालिकेची झाडूपोछ्याची कामं बंद. आणि बाबा गेल्यापासून आमच्या घरात येणारा पगार तेवढाच एक होता.

मी राखणदार मांचोआजोबांकडे गेले. ते फाटकाशी खुर्चीत बसून दात कोरत होते.

"चोरीच्या दिवशी काही ऐकलंत का, आजोबा?"

"मी राखणदार आहे, ऐकणारा नाही."

"पण ते यंत्र गाडीभर मोठं होतं. ट्रक आल्याशिवाय गेलं कसं?"

"आला असेल ट्रक."

"इथूनच? या फाटकातून?"

"मागचं दार बघितलंस ना, माणूस तिरका होऊन जातो तिथून. दुसरा रस्ता आहे कुठे?"

"वादळ कधी झालं होतं?"

"आदल्या दुपारी. निम्मं झाड खाली आलं. त्यानंतर पान हललं नाही. सकाळी तूच तर बसली होतीस इथे, बकरीसारखी चरत." ते हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. "काय झालं?"

झालं असं, की माझ्या जिभेवर अजून त्या चेऱ्यांची चव होती. अख्ख्या, टपोऱ्या, फाटकापासून दारापर्यंत. त्यांच्यावरून यंत्र लादलेला ट्रक गेला असता, तर मी मुरांबा चाटला असता.

"आजोबा, आदल्या दिवशी वादळाच्या आधी यंत्र आत होतं का?"

मांचोआजोबांनी दात कोरायची काडी खिशात ठेवली.

"मला स्पासने दाराची राखण करायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "आतली नाही."

४

आता मला माहीत होतं की चोरी झालीच नाही. पण चेऱ्या मी खाऊन टाकल्या होत्या. उरलेल्या आईनेच झाडून टाकल्या होत्या. पुरावा म्हणून दाखवायला माझं पोट तेवढं होतं.

शिवाय यंत्र एकदा तरी आलं होतं, याला मी स्वतः साक्षीदार होते. मागच्या ऑक्टोबरात उद्घाटन झालं तेव्हा पाहुण्यांना पाव आणि मीठ द्यायला शाळेने मलाच उभं केलं होतं. त्याचा मोठा फोटो शाळेच्या व्हरांड्यात लावलाय. खाली पितळी पट्टी: कारखान्यातून थेट आलेलं नवं यंत्र, युरोपीय करदात्यांच्या सहकार्याने.

बुधवारी मधल्या सुट्टीत मी त्या फोटोसमोर उभी राहिले. मधोमध स्पासकाका फीत कापतोय. शेजारी पाशोवाबाई, हातात माझ्या पावाचा तुकडा. डावीकडे मी, केस भुवयांपर्यंत कापलेले, भयंकर दिसतेय. या फोटोत आतापर्यंत मी फक्त माझे केस बघत आले होते. प्रत्येक जण त्यात स्वतःलाच बघत असणार.

मग मला ऑक्टोबर खटकला. चेरी पिकते जूनमध्ये. चेरीच्या यंत्राचं उद्घाटन ऑक्टोबरात कोण करतं? ज्याला यंत्र ऑक्टोबरातच मिळू शकतं, तो. जूनमध्ये ते ज्याचं आहे त्याच्याकडे कामाला जुंपलेलं असणार. म्हणून तपासणी जूनमध्ये लागताच यंत्राला चोरीला जावं लागलं.

छान तर्क होता. वादस्पर्धेत टाळ्या पडल्या असत्या. पण पोलिसांना टाळ्या वाजवता येत नाहीत.

मी मोबाइलवर फोटोचा फोटो काढला आणि यंत्र मोठं करून बघू लागले. पोलादी अंग, लाल बटणं, बाजूला ओढायचा दांडा. दांड्याला काहीतरी लोंबत होतं. आणखी मोठं केलं.

मार्तेनित्सा होती.

एक मार्चला आम्ही सगळे लाल-पांढरा दोरा मनगटाला बांधतो आणि करकोचा दिसला किंवा झाड फुललं की सोडून फांदीला अडकवतो. नुसतं माणसांनाच बांधतो असं नाही. कोकराला, बसच्या आरशाला, शिवणयंत्राला, ज्याने वर्षभर नीट चालावं त्या सगळ्याला. हा दोरा इतका सगळीकडे असतो, की तो कुणाला दिसतच नाही. झाडावरचं एखादं पान वेगळं दिसत नाही तसा. म्हणून आठ महिने अख्खी शाळा त्याच्यासमोरून गेली आणि कुणाला दिसला नाही. सोफियाच्या बाईंना, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभ्या असूनही, दिसला नाही. एखाद्या परदेशी माणसाने पहिल्या मिनिटाला विचारलं असतं, हे काय बांधलंय म्हणून.

इटलीतल्या कारखान्यातून थेट आलेल्या यंत्राला मार्तेनित्सा कुणी बांधली? आणि ऑक्टोबरात तर आमच्यातलं कुणी बांधणारच नाही. कुणी ऑक्टोबरात रंगवलेली ईस्टरची अंडी वाटत नाही, तसंच. शिवाय दोऱ्याचा लाल उडून गुलाबी झाला होता. उन्हात, वाफेत, महिनोन्‌महिने. ते यंत्र मार्चमध्ये आमच्याच देशात कुठेतरी काम करत होतं.

दोऱ्यात आणखी एक रंग होता. मी धावत दुकानात गेले.

दोनामावशीने चष्मा लावला. मोबाइल लांब धरला, मग जवळ.

"निळा," ती म्हणाली. "अगं, ही आमच्या तिकडची आहे. रोदोपातली. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे निळा दोरा घालतात. इथल्या बायका हसायच्या मला त्यावरून." तिने मोबाइल परत दिला, आणि हळूच विचारलं, "स्पासच्या कूमचा कारखाना कुठे आहे, माहितीये ना तुला?"

कूम म्हणजे लग्नात पाठीशी उभा राहणारा, सख्ख्या भावाहून जवळचा. स्पासकाकाचा कूम रोदोपात फळं गोठवायचा कारखाना चालवतो. ज्या कंपनीने सोसायटीला यंत्र 'विकलं', तीही त्याचीच.

५

पाशोवाबाई शहरातल्या पाहुणेघरात उतरल्या होत्या. शाळा सुटल्यावर मी तिथे गेले. त्या अंगणात कॉफी घेत होत्या.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मोबाइलवरचा फोटो त्यांनी इतका वेळ पाहिला की सिगारेटची राख टेबलावर पडली.

"तुला कळतंय का, तू काय आणलंयस?" त्या म्हणाल्या.

"आई निर्दोष असल्याचा पुरावा."

"आणि ऑक्टोबरात यंत्र नवं आहे, जागेवर आहे, असा शेरा मारून सही कुणी केली?"

"तुम्ही."

"मग माझ्याकडेच का आलीस? शहाणी समजतेस ना स्वतःला?"

"कारण तुम्ही माझा पाव खाल्लात," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही.

त्या हसल्या नाहीत. "चोरी म्हणून हे शुक्रवारी मिटतं, मुली. मी घरी जाते, गावाचे पैसे वाचतात, तुझ्या आईला दंड होतो. फसवणूक म्हणून उघडलं, तर चार लाख ब्रसेल्सला परत. ते स्पास देणार नाही, त्याच्या नावावर कोंबडीसुद्धा नसेल. नगरपालिका देईल. म्हणजे तुझ्या आईच्या पगारातून जो कर कापतात, त्यातून. एकदा तिने दिलेत, अनुदानात तिचाही वाटा होताच. आता दुसऱ्यांदा देईल. तिला विचारलंस का, तिला काय हवंय?"

"नाही."

"घरी जा," त्या म्हणाल्या आणि मोबाइल माझ्याकडे सरकवला.

मी घरी गेले आणि आईला विचारलं.

"मी दोनदा पैसे देईन," ती म्हणाली. "पण चोर म्हणून एकदाही नाही."

६

शुक्रवारी वाचनालयाच्या सभागृहात सभा होती. स्पासकाका व्यासपीठावर, इस्त्रीच्या शर्टात. पाशोवाबाई टेबलाच्या कोपऱ्यात, शहरातला पोलीस अधिकारी मधोमध. आई आणि मी पहिल्या रांगेत, आमच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या.

"मला वेस्काबद्दल राग नाही," स्पासकाका म्हणाला. "गरिबी माणसाला काहीही करायला लावते. तिने आपणहून सांगितलं, तर सोसायटी तिला सांभाळून घेईल."

"सांग ना, वेस्का," मागून नेदाचा आवाज आला. "आम्हाला घरी जाऊ दे."

मी उभी राहिले.

"तू बस," स्पासकाका म्हणाला. "मोठ्यांचं चाललंय."

"एकच प्रश्न, काका. यंत्र चोरीच्या आदल्या दिवसापर्यंत इथेच होतं ना? ऑक्टोबरापासून हललं नाही?"

"जागचं हललं नाही."

"आणि थेट इटलीहून आलं. त्याआधी या देशात कधीच नव्हतं?"

"खोक्यातून मी काढलं, या हातांनी."

"मग या हातांनीच मार्तेनित्सा बांधलीत का?"

मी शाळेतला फोटो भिंतीवरून काढून आणला होता, चौकटीसकट. मुख्याध्यापकांना अजून पत्ता नव्हता. तो मी पहिल्या रांगेत दिला आणि यंत्राच्या दांड्यावर बोट ठेवलं. फोटो रांगेतून रांगेत मागे गेला. ज्याच्या हातात चौकट जाई, तो आधी स्वतःला शोधी, मग वाकून बघे.

"पोरांनी बांधली असेल," स्पासकाका म्हणाला. "गंमत म्हणून."

"ऑक्टोबरात?" हे मी नाही, नेदा म्हणाली. तिला चौकट नुकतीच मिळाली होती. "उडालेल्या रंगाची? स्पास, तू आम्हाला काय समजतोस?"

"आणि निळा दोरा आहे त्यात," दोनामावशी दाराशी उभी होती. "तुझ्या कूमच्या गावचा."

"ही बाई परकी आहे. हिला काय..."

"काल दुपारी माझे सहकारी तुमच्या कूमच्या कारखान्यात गेले होते," पाशोवाबाई म्हणाल्या. त्या उठल्याही नाहीत. त्यांनी स्वतःचा मोबाइल पोलीस अधिकाऱ्यासमोर ठेवला. "यंत्र चालू आहे. चेरीच्या रसाने माखलंय. पट्टीवरचा क्रमांक तोच. दांड्याला मार्तेनित्सांचा घोस आहे, कामगार बायका दर मार्चला एक बांधतात. हेच यंत्र आणखी दोन सोसायट्यांच्या उद्घाटनाच्या फोटोंत सापडलंय. तिन्हीकडे नवं." मग त्या सभागृहाकडे वळल्या. "ऑक्टोबरात ते नवं असल्याची सही माझी आहे. त्याची चौकशी वेगळी होईल."

"मांचो," पोलीस अधिकाऱ्याने हाक मारली. "त्या खोलीत हिवाळ्यात काही होतं का?"

मांचोआजोबा उठून उभे राहिले, टोपी हातात.

"आवाज कधी आला नाही," ते म्हणाले. "उंदराचासुद्धा. खायला काही असतं तर आला असता."

स्पासकाकाने घाम पुसला. मग तो आईकडे नाही, माझ्याकडेही नाही, सभागृहाकडे बघून म्हणाला, "मी तुमचं काय नेलं? ते पैसे कुणाचेच नव्हते. आता ते तुमच्याकडून वसूल होतील. टाळ्या वाजवा."

कुणी वाजवल्या नाहीत. आम्ही बाहेर पडलो तेव्हा लोकांनी वाट दिली, पण आईशी कुणी बोललं नाही. यंत्र चोरलं नाही हे सिद्ध करून तिने गावाचं चार लाखांचं नुकसान केलं होतं.

७

सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि नगरपालिकेने आमची बस बंद केली. वसुलीचा पहिला हप्ता. मी चालत जाते, पाऊस असला की आई मोठ्या रस्त्यापर्यंत सोबत येते. तिचं झाडूचं काम टिकलंय. नेदा तिला पाहिलं की दुसऱ्या फुटपाथवर जाते, आणि थंडीत बालवाडीची शेगडी पेटणार नाही म्हणून येता-जाता मला ऐकवते.

स्पासकाका जामिनावर सुटलाय. खटला कधी उभा राहील कुणालाच माहीत नाही. गेल्या आठवड्यात त्याने नवी जीप आणली, जावयाच्या नावावर.

आणि तोंड गोड केलं. आम्ही मोठ्या रस्त्याकडे निघालो होतो, चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेलो, आणि दोनामावशीच्या दुकानासमोर निम्मं गाव उभं होतं. जीपच्या आरशाला लाल रिबीन. स्पासकाका चॉकलेटचा डबा फिरवत होता आणि सगळे घेत होते. मांचोआजोबाही. नेदाही.

आम्ही जवळून जाताना त्याने मुद्दाम डबा पुढे केला.

"घ्या, घ्या. वेस्का, राग सोड. पोरीलाही दे. फुकट आहे."

आई पुढे चालू लागली. मी थांबले. डब्यात बघितलं, आणि नीट निवडून दोन उचलली, मोठी, सोनेरी कागदातली.

"फुकट नाही, काका," मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाले. "आईने दोनदा पैसे दिलेत." आणि धावत जाऊन एक तिच्या हातात ठेवलं.